‘येतो’ म्हणून निघताना
(परदेशप्रवासातील आरोग्य व सुरक्षितता : एक पाठ)



घरातून बाहेर पडताना आपल्याकडे कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून ‘जातो’ म्हटले तर आजी लगेच टोकते, “जातो म्हणू नये रे, येतो म्हण.” या एका शब्दात प्रवासाचा सगळा हेतू आला. कितीही लांब जा, पण सुखरूप परत या. आजचा पाठ या ‘येतो’विषयीच आहे.

पूर्वी आपल्या भागातला माणूस फार लांब गेला तर पंढरपूर, काशी किंवा मुंबईची गिरणी, एवढीच त्याची धाव असे. आता तसे राहिले नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतले कोणी ना कोणी दुबईला, सौदीला, कतारला कामावर आहे. कोणाचा मुलगा अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत आहे आणि सुनेच्या बाळंतपणासाठी आई-वडील सहा महिने तिकडे जातात. कोणाची मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी गेली आहे. शेजारचे चाचा हज किंवा उमरा करून आलेले असतात. बिदरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर हैदराबादचा शमशाबाद विमानतळ आहे. सकाळी घरची भाकरी खाल्लेला माणूस रात्री जेद्दाला जेवतो, इतके जग जवळ आले आहे. माणसाबरोबर आजारही तितक्याच वेगाने जवळ येतो. याचा अनुभव आपल्याच शेजारच्या जिल्ह्याने घेतला.

कलबुर्गीचा धडा

कोरोनाचा भारतातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये सापडला. चीनमधील वुहानहून परतलेली ती विद्यार्थिनी बरी झाली. भारतातील पहिला मृत्यू मात्र आपल्या कलबुर्गीचा. एक ७६ वर्षांचे गृहस्थ महिनाभर सौदी अरेबियात राहून २९ फेब्रुवारी २०२० रोजी हैदराबादमार्गे घरी आले. विमानतळावर तपासणी झाली तेव्हा त्यांना कोणतेही लक्षण नव्हते. त्या दिवशी सौदी अरेबियात कोरोनाचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. तिथला पहिला रुग्ण २ मार्चला जाहीर झाला. घरी आल्यावर सहाव्या दिवशी, ६ मार्चला, त्यांना ताप-खोकला सुरू झाला. प्रथम घरीच उपचार झाले, नंतर कलबुर्गीच्या व हैदराबादच्या दवाखान्यांत नेण्यात आले. १० मार्चला हैदराबादहून परत आणताना वाटेतच त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, ११ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले आणि १२ मार्चला त्यांच्या तपासणीचा निकाल आला. पुढे त्यांच्या घरातील एका व्यक्तीला आणि त्यांना घरी येऊन तपासणाऱ्या डॉक्टरांनाही लागण झाल्याचे आढळले.

यात त्या गृहस्थांचा काय दोष? काहीच नाही. ज्या देशातून ते आले तिथे आजार आहे हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. पण यातून शिकण्यासारखे एक आहे. विमानतळावरची तपासणी फक्त त्या क्षणाचा ताप पाहते. शरीरात शिरलेला आजार काही दिवस मुकाट राहतो आणि मग डोके वर काढतो. या मधल्या दिवसांना वैद्यकशास्त्रात ‘अधिशयन काळ’ म्हणतात. कोरोनात तो चौदा दिवसांपर्यंत धरला गेला. म्हणजे विमान उतरले, बॅग उघडली, खजूर वाटून झाले, तरी आरोग्याच्या हिशेबाने प्रवास चालूच असतो.

म्हणून या पाठाचे सूत्र तीन छोट्या वाक्यांत सांगतो. जाण्यापूर्वी सांगा. तिथे असताना सांगत राहा. आल्यावर तर सांगाच. कोणाला काय सांगायचे, ते आता क्रमाने पाहू.

१. जाण्यापूर्वी : आपल्या डॉक्टरांना सांगा

तिकीट काढताना आपण दहा ठिकाणी भाव विचारतो, पण नेहमीच्या डॉक्टरांना “मी अमुक देशाला चाललो आहे” एवढे सांगायचे राहून जाते. निघण्याच्या निदान महिना-दीड महिना आधी हे सांगावे. कारण लस घेतली की लगेच संरक्षण मिळत नाही, त्याला दिवस लागतात.

हज-उमऱ्याला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस घ्यावी लागते आणि ती सौदीत पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील कित्येक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. तिचे प्रमाणपत्र पिवळ्या पुस्तिकेच्या रूपात मिळते. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासूनच्या नियमानुसार जन्मभर चालते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने ठरवलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. आपल्याला जवळचे केंद्र म्हणजे हैदराबादच्या नारायणगुडा भागातील ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन’. पीतज्वर डासांमुळे पसरतो. तो भारतात नाही, पण तो पसरवणारे डास आपल्याकडे भरपूर आहेत. म्हणूनच तशा देशातून विनाप्रमाणपत्र येणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते.

*औषधे.* मधुमेह, रक्तदाब, दमा असलेल्यांनी संपूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी आणि वर आठ-दहा दिवसांची औषधे घ्यावीत. ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोठी बॅग मागे राहिली किंवा हरवली तर औषधाविना हाल होतात. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत ठेवूच नये, सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते. गोळ्या मूळ पाकिटात असाव्यात, डबीत मोकळ्या भरू नयेत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, स्वच्छ अक्षरांत आणि औषधाच्या मूळ नावासह लिहून घ्यावी. कारण कंपनीचे नाव देशागणिक बदलते. काही वेळा मूळ नावही बदलते. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला अमेरिकेत असिटामिनोफेन म्हणतात. हे माहीत नसले तर तापाची आपली गोळी आणि तिथली गोळी, दोन्ही घेऊन दुप्पट मात्रा होते आणि यकृताला इजा पोचते.

*जे नेऊ नये.* आईच्या मायेने भरलेली बॅगही कधी कधी गोत्यात आणते. अनारशाला लावायची खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये निषिद्ध आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. खसखस घातलेला मसालाही त्यात आला. खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन आणि दुखण्यावरचे ट्रामाडॉल यांवर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत. आपल्याकडे डॉक्टरांनी सहज दिलेली ही औषधे तिथे परवानगीशिवाय जवळ सापडली तर अटक होऊ शकते. म्हणून त्या देशाच्या वकिलातीचे नियम आधी पाहावेत.

त्याहून मोठी गोष्ट. दुसऱ्याची पिशवी, मग तो कितीही जवळचा असो, उघडून पाहिल्याशिवाय नेऊ नये. २०१९ साली मुंबईचे एक जोडपे कतारला गेले. नात्यातल्याच बाईंनी दिलेल्या पाकिटात चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची मुलगी तुरुंगात जन्मली. खटला पुन्हा चालून २०२१ मध्ये ते निर्दोष सुटले व घरी आले, पण दोन वर्षे गेलीच. “जरा एवढे आमच्या मुलाला द्या हो,” असे कोणी म्हटले तर “काकू, मी उघडून बघतो हं,” असे म्हणण्यात संकोच नको. ज्याच्या मनात काही नाही त्याला राग येणार नाही.

*विमा आणि कागद.* परदेशी दवाखान्याचा खर्च ऐकूनच माणूस आजारी पडावा असा असतो. वडीलधाऱ्यांना अमेरिकेला पाठवताना प्रवासविमा काढावाच, आणि आधीपासून असलेले आजार अर्जात लपवू नयेत. लपवलेल्या आजारावर विमा कंपनी पैसे देत नाही.

विद्यार्थ्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार, सर्वसाधारणपणे दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद येते. अशा कामगाराला आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारची परवानगी लागते. ही अडवणूक नाही. फसवणुकीपासून संरक्षण म्हणून ती आहे. त्याच्यासाठी ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ सक्तीची असून २०१७ च्या सुधारणेनुसार अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण तिच्यात ठेवले आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये ठरवला गेला. परवानगी चुकवण्यासाठी काही दलाल “आधी पाहुण्याच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बघू,” असे सांगतात. तसे गेलेल्या माणसाला ना विमा, ना करार, ना दाद मागायची सोय. तो तिथे आजारी पडला तर दवाखान्याची पायरी चढायलाही घाबरतो. दलाल नोंदणीकृत आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. दहावी होऊनच शाळा सोडण्याचे हे आणखी एक कारण!

२. वाटेत : पाय हलते ठेवा

हैदराबादहून अमेरिकेला पोचायला मध्ये विमान बदलून वीस तासांहून अधिक लागतात. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसले की पोटऱ्यांतील शिरांत रक्त साकळू शकते. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. वयस्कर, स्थूल, गर्भवती आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या प्रवाशांना हा धोका जास्त. उपाय सोपा आहे. दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे. बसल्या जागी टाचा-चवडे वर-खाली करावेत. पाणी पीत राहावे. विमानातील हवा कोरडी असते, त्यामुळे तहान लागली नाही तरी शरीरातले पाणी कमी होते. “वारंवार बाथरूमला जावे लागेल” म्हणून पाणी न पिणाऱ्या आजींना नातवंडांनीच हे समजवावे.

घड्याळही बदलते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास आणि सौदी अडीच तास मागे आहे. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास तर उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. सकाळची इन्सुलिनची सुई मग नेमकी केव्हा घ्यायची? हे विमानात ठरवू नये. डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावे.

३. तिथे : घरी सांगत राहा

*ऊन.* आपल्याकडचा तरुण म्हणतो, “सर, कलबुर्गीच्या उन्हात वाढलो, दुबईचे काय घेऊन बसलात!” इथे थोडे विज्ञान आठवा. घाम शरीराला थंड करतो, पण तो वाळला तरच. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांतील ऊन कोरडे, घाम चटकन वाळतो. दुबई, दोहा, जेद्दा ही समुद्रकाठची शहरे. तिथे हवेत दमटपणा इतका की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जाते, पण गारवा मिळत नाही. डोके दुखणे, पायांत गोळे येणे, मळमळणे ही पहिली सूचना. बोलणे असंबद्ध होणे, शुद्ध हरपणे म्हणजे उष्माघात. त्या क्षणी माणसाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्यानेच बंदी आहे. कामगाराला हा आपला हक्क ठाऊक असला पाहिजे.

२०२४ च्या हज यात्रेत मक्केत तापमान ५१ अंशांवर गेले आणि निरनिराळ्या देशांचे १,३०० हून अधिक यात्रेकरू मरण पावले. त्यांतले पाचांपैकी चाराहून अधिक जण अधिकृत परवान्याशिवाय आलेले होते, असे सौदी सरकारने सांगितले. परवाना नाही म्हणून थंड तंबू नाही, बस नाही. उन्हात मैलोन् मैल पायपीट. आडवाटेने जाण्याची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

*पोट.* जुलाब झाले तर पहिले औषध म्हणजे पाणी. जलसंजीवनीची पाकिटे बरोबर ठेवावीत. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, आणि तोही काठोकाठ, शिगोशिग नव्हे. मीठ जास्त पडले तर अपायच होतो. सौदीत उंटाचे कच्चे दूध पिऊ नये व आजारी उंटांजवळ जाऊ नये. २०१२ साली तिथे ओळख पटलेला ‘मर्स’ हा श्वसनाचा आजार उंटांपासून माणसाला होतो.

*रस्ता.* आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आपली मान आपोआप आधी उजवीकडे वळते. आखाती देशांत आणि अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणजे गाडी पहिल्यांदा डावीकडून येते. सवयीने उजवीकडे पाहून पाऊल टाकले की घात होतो. तिथे आधी डावीकडे पाहा. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर इथे मात्र आपल्यासारखेच.

*खोली.* वाळवंटातही हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते. खोलीची दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. बंद खोलीत शेगडी कधीही ठेवू नये.

*मदत.* अमेरिकेत ९११, युरोपातील बहुतेक देशांत ११२, इंग्लंडमध्ये ९९९, सौदीत रुग्णवाहिकेसाठी ९९७ आणि अमिरातीत ९९८ हे क्रमांक आहेत. ज्या देशाला जाल तिथला क्रमांक पोचल्याच दिवशी पाठ करावा. पासपोर्ट आपल्याजवळ असावा. सौदी व अमिरातीत मालकाने कामगाराचा पासपोर्ट काढून ठेवणे बेकायदा आहे. पासपोर्टची एक छायाप्रत घरी आणि एक बॅगेत असावी. अडचण आली तर भारतीय वकिलातीकडे किंवा २०१५ पासून सुरू असलेल्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. शिकायला जाणाऱ्यांनी वकिलातीत नाव नोंदवून ठेवावे. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा ‘ऑपरेशन गंगा’ राबवून भारतीयांना परत आणले गेले. अशा वेळी कोण कोणत्या गावात आहे हे सरकारला आधी कळलेले असेल तर शोध सोपा होतो.

घरी फोन करताना फक्त “सगळे बरे आहे” असे सांगू नये. आईला काळजी नको म्हणून ताप लपवणारा मुलगा आणि मुलाला काळजी नको म्हणून छातीतले दुखणे लपवणारी आई, असे दोन्ही टोकांना चालते. माया असते ती, पण तिच्यामुळे उपचाराचे दिवस वाया जातात. प्रत्येक घराने आधीच ठरवावे की दुखले तर खरे सांगायचे, आणि ऐकणाऱ्याने रडारड न करता पुढे काय करायचे ते विचारायचे.

४. आल्यावर : पहिले वाक्य हेच

आता पाठाचा गाभा. परदेशाहून आल्यानंतर ताप, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ किंवा कावीळ दिसली तर डॉक्टरांसमोर बसताक्षणी पहिले वाक्य असावे : “डॉक्टर, मी अमुक तारखेला अमुक देशातून आलो आहे.” मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, हिंदीत सांगा, पण आधी सांगा. डॉक्टर मनकवडे नसतात. पावसाळ्यात आपल्याकडे ताप म्हटला की हिवताप, डेंग्यू, विषमज्वर हेच त्यांच्या मनात येणार. सौदीहून आलो म्हटले की त्यांना मर्स आठवेल. आफ्रिकेतून आलो म्हटले की मेंदूपर्यंत पोचणारा हिवतापाचा घातक प्रकार आठवेल, ज्यात एक-दोन दिवसांचा उशीरही जिवावर बेतू शकतो. हा हिवताप परतल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही डोके वर काढतो. तेव्हा “प्रवासाला तर दोन महिने झाले, आता काय सांगायचे?” असे समजू नये.

सांगण्याचा दुसरा फायदा डॉक्टरांना आणि परिचारिकांना. कलबुर्गीत तपासायला आलेल्या डॉक्टरांनाच लागण झाली हे आपण वर पाहिले. माहिती मिळाली तर ते मुखपट्टी बांधतील, रुग्णाला वेगळे बसवतील आणि गरज वाटली तर जिल्हा रुग्णालयाला कळवतील. आपल्या एका वाक्याने दवाखान्यात रांगेत बसलेले दहा जण वाचू शकतात. दुखणे असेल तर लग्नकार्य, जत्रा, सत्संग यांना चार दिवस जाऊ नये. कोणी रागावले तर रागावू दे.

१० मार्च

माणसे प्रवास का लपवतात? भीतीने. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये आपण सर्वांनी ते पाहिले. बाहेरून आलेल्याच्या घराकडे बोट दाखवले जाई. गावाच्या वेशीवर काट्या टाकल्या गेल्या. दूधवाला दारात थांबेना. कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, याच्या चर्चा रंगल्या. अशा वातावरणात कोण कबूल करील की “मी परदेशाहून आलो आणि मला ताप आहे”?

हे आपल्याकडे पूर्वीही घडले आहे. १८९६ साली मुंबई बंदरात प्लेगची साथ आली. हाँगकाँगकडून जहाजांबरोबर ती आली असे मानले जाते. पुढे ती पुण्यात पसरली. सोजिरांच्या झडतीच्या धास्तीने लोक घरातला रुग्ण लपवू लागले आणि लपवल्याने साथ वाढली. त्याच काळात सावित्रीबाई फुले घराबाहेर पडून रुग्ण शोधत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेतले आणि आपले पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात पोचवले. त्यात त्यांना स्वतःला लागण झाली आणि त्या गेल्या. तो दिवस होता १० मार्च १८९७. कलबुर्गीचे ते गृहस्थ गेले तो दिवस १० मार्च २०२०. मध्ये १२३ वर्षे. आगबोटीच्या जागी विमान आले, लस आली, तपासण्या आल्या. पण आजारी माणसाकडे बोट दाखवायचे की त्याला हात द्यायचा, हा प्रश्न तोच राहिला.

आपल्या शाळेत सावित्रीबाईंची तसबीर आहे. तिला हार घालताना एवढे आठवावे. आजाऱ्याला कोणी हिणवले नाही तर तो खरे सांगेल. त्याने खरे सांगितले तर त्याचा जीव वाचेल आणि आपलाही.

विश्वस्त मंडळास विनंती

उन्हाळी सुट्टीपूर्वी एका शनिवारी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून परदेशी जाणाऱ्या पालकांसाठी अर्ध्या दिवसाचे मार्गदर्शन ठेवता येईल. खर्च चहाचा, लाभ मोलाचा.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातील किंवा गल्लीतील कोण परदेशी आहे? ते कोणत्या देशात आहेत, तिथे आत्ता किती वाजले असतील, तिथला रुग्णवाहिकेचा क्रमांक कोणता, हे शोधून वहीत लिहा.

२. आजी-आजोबांच्या औषधांची यादी मोठ्या माणसांच्या मदतीने इंग्रजीत करा. औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि वेळ लिहा. ती घडी करून त्यांच्या पाकिटात ठेवा. परदेशी जायचे नसले तरी ती उपयोगी पडेल.

३. कोरड्या हवेत आणि दमट हवेत घाम वाळण्यात फरक का पडतो? एक ओले फडके उन्हात आणि दुसरे झाकणबंद डब्यात ठेवून निरीक्षण लिहा.

४. ‘परदेशाहून आलेला मामा आणि डॉक्टर’ यांच्यातील दहा वाक्यांचा संवाद लिहा. मामाचे पहिले वाक्य कोणते असेल, ते आता तुम्हांला सांगायला नको.

५. वर्गात चर्चा करा : शेजारच्या घरी परदेशाहून आलेली व्यक्ती आजारी पडली आहे. तिच्या घरच्यांना दूध, भाजी, औषध कसे पोचवाल? स्वतःची काळजी कशी घ्याल?

पुढच्या वेळी घरातले कोणी बॅग उचलून दाराशी उभे राहील आणि ‘येतो’ म्हणेल, तेव्हा नुसते ‘ये’ म्हणून थांबू नका. औषधे हातातल्या पिशवीत आहेत ना, चिठ्ठी घेतली ना, क्रमांक पाठ आहे ना, हे विचारा. आणि तो परत येईल तेव्हा पहिल्या आठवड्यात एकदा तरी विचारा, “बरं वाटतंय ना? खरं सांग.”